खोटं बोलावं लागेल म्हणून वकिली सोडली, आणि पुढे आगीला पुरून उरणारी तिजोरी बनवली : अर्देशीर गोदरेज यांची गोष्ट

बुलढाणा जिल्ह्यातलं खामगाव म्हटलं की दोन गोष्टी आठवतात. एक चांदी आणि दुसरा कापूस.

1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. खामगावचा कापूस बाजार इतका मोठा झाला की 1870 मध्ये जलंबपासून खामगावपर्यंत रेल्वेचा वेगळा फाटा टाकला गेला.

कापसाच्या मागोमाग जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले, अडत्यांच्या पेढ्या आल्या, हुंड्या आल्या. आणि या सगळ्यासोबत एक भीतीही आली. आगीची.

ज्यांच्या घरात कापूस आहे त्यांना हे सांगायला नको. कपाशीसोबत एखादा खडा किंवा खिळा जिनच्या रुळात गेला आणि ठिणगी उडाली की खेळ खल्लास. गठाणीच्या पोटात शिरलेली आग तर बाहेरून दिसतही नाही, ती आतल्या आत धुमसत राहते.

माल जळतो तो जळतोच, पण व्यापाऱ्याचा खरा घात व्हायचा तो चोपड्या जळाल्या की. कुणाला किती द्यायचे, कुणाकडून किती यायचे, हे सगळं कागदावर. कागद गेला की पेढी गेली. आणि ज्या शेतकऱ्याचे पैसे त्या पेढीवर जमा होते, त्याचा पुरावाही गेला.

आज रात्री कुठल्याही बाजारपेठेत धडाधड शटर खाली येतात. दुकानदार कुलूप लावतो आणि निवांत घरी जातो. शटर लोखंडाचं आहे, म्हणजे चोरही अडणार आणि आगही अडणार, असं आपण गृहीत धरतो.

पण यातली अर्धी गोष्ट चुकीची आहे. लोखंड जळत नाही हे खरं, पण लोखंडाच्या मागे ठेवलेलं सगळं जळू शकतं.

हे कोडं सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईतल्या एका माणसाने डोक्यात घेतलं. तो इंजिनिअर नव्हता, लोहारही नव्हता. तो वकिली सोडून आलेला, एका धंद्यात आपटलेला आणि डोक्यावर कर्ज असलेला एक पारशी तरुण होता.

त्याचं आडनाव आज मराठीत सामान्यनाम झालंय. लग्नात मुलीला काय दिलं, तर गोदरेज. दागिने कुठे ठेवले, तर गोदरेजमध्ये. मग ते कपाट कुठल्याही कंपनीचं का असेना.

ही गोष्ट त्या अर्देशीर गोदरेज यांची.

आडनाव आधी वेगळंच होतं

अर्देशीर यांचा जन्म 26 मार्च 1868 चा, मुंबईतला. वडिलांचं नाव बुर्जोरजी आणि आईचं दोसीबाई. सहा भावंडांमध्ये अर्देशीर सगळ्यात मोठे.

तेव्हा या घराचं आडनाव गूथेराजी असं होतं. अर्देशीर तीन वर्षांचेही झाले नव्हते तेव्हा, म्हणजे 1871 मध्ये, वडिलांनी ते बदलून गोदरेज केलं. घरचा व्यवसाय जमीनजुमल्याचा. खाऊनपिऊन सुखी म्हणावं असं कुटुंब.

1890 मध्ये अर्देशीर यांचं बचुबाईंशी लग्न झालं. पण हा संसार जेमतेम वर्षभरच टिकला.

25 एप्रिल 1891 ला बचुबाई आपल्या एका नातलग मुलीसोबत मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरवर गेल्या होत्या. त्या दिवशी दोघींचाही टॉवरवरून पडून मृत्यू झाला. अख्खी मुंबई हादरली. प्रकरण कोर्टात गेलं, खटला गाजला, आणि शेवटी आरोपी निर्दोष सुटला. त्या टॉवरवर नेमकं काय घडलं याचं उत्तर कधीच मिळालं नाही.

अर्देशीर तेव्हा 23 वर्षांचे होते. त्यांनी पुन्हा कधीही लग्न केलं नाही. त्यांना मूलबाळ नव्हतं. पुढचं सगळं आयुष्य त्यांनी कामात घातलं.

झांझिबारची केस

अर्देशीर यांनी कायद्याचं शिक्षण घेतलं. 1894 मध्ये मुंबईच्या एका सॉलिसिटर कंपनीने त्यांना एका केससाठी थेट पूर्व आफ्रिकेत, झांझिबारला पाठवलं.

त्याच्या एक वर्ष आधी आणखी एक तरुण गुजराती वकील अशाच एका व्यापाऱ्याच्या केससाठी दक्षिण आफ्रिकेला गेला होता. त्याचं नाव मोहनदास गांधी. दोघांच्या वयात जेमतेम दीड वर्षाचं अंतर. एकाला त्या प्रवासाने राजकारणात आणलं, दुसऱ्याला त्या प्रवासाने वकिलीतून बाहेर काढलं.

झालं असं की झांझिबारमध्ये सुरुवातीला केस चांगली चालली होती. पण पुढे अर्देशीर यांच्या लक्षात आलं की आपल्या अशिलाच्या बाजूने बोलताना आपल्याला अशा गोष्टी छातीठोकपणे सांगाव्या लागणार आहेत, ज्या खऱ्या आहेत की नाहीत याची आपल्याला स्वतःलाच खात्री नाही.

त्यांनी नकार दिला. त्यांची समजूत घालायचा प्रयत्न झाला. वकिलाचं काम अशिलाची बाजू मांडायचं असतं, न्याय द्यायला जज बसलेला आहे, हा युक्तिवाद तेव्हाही होता आणि आजही आहे. पण अर्देशीर यांना तो पटला नाही. ते केस सोडून मुंबईला परत आले आणि वकिली कायमची बंद केली.

घरच्यांच्या दृष्टीने हा हट्टच होता. शिकलेला मोठा मुलगा हातातला पेशा सोडून आलेला. पण ज्याची खात्री नाही ते बोलायचं नाही, हा एक नियम अर्देशीर झांझिबारहून सोबत घेऊन आले, आणि पुढचं सगळं आयुष्य त्या एका नियमाभोवती फिरलं.

पहिला धंदा एका शिक्क्यावरून बुडाला

मुंबईत आल्यावर ते एका औषधांच्या दुकानात मदतनीस म्हणून लागले. तिथे त्यांच्या लक्षात आलं की ऑपरेशनसाठी लागणारी हत्यारं, म्हणजे चाकू, चिमटे, कात्र्या, ही सगळी इंग्लंडहून येतात. मग ती आपण इथेच बनवली तर?

भांडवल नव्हतं. वडिलांचे स्नेही मेरवानजी कामा यांच्याकडून त्यांनी 3,000 रुपये उसने घेतले. त्या काळात ही रक्कम किरकोळ नव्हती.

हत्यारं तयार झाली, आणि चांगली झाली. ज्याच्यासाठी बनवली त्या दुकानमालकालाही माल पसंत पडला. पण एका गोष्टीवर गाडी अडली.

अर्देशीर यांना हत्यारांवर ती भारतात बनल्याचा शिक्का हवा होता. मालकाला तो नको होता. त्याचं म्हणणं व्यवहाराचं होतं, भारतात बनलेली हत्यारं कुठला डॉक्टर विकत घेणार? शिक्का इंग्लंडचा मारा, माल लगेच खपेल.

म्हणजे पुन्हा झांझिबारचाच प्रश्न. जे खरं नाही ते सांगायचं, फक्त या वेळी तोंडाने न सांगता लोखंडावर कोरून सांगायचं.

अर्देशीर यांनी पुन्हा नाही म्हटलं. व्यवहार मोडला आणि धंदा बुडाला. कामांचे 3,000 रुपये मात्र डोक्यावर तसेच राहिले.

215 चौरस फुटांची शेड

त्या दिवसांत मुंबईत घरफोड्या वाढल्या होत्या. लोकांनी आपापल्या घराची नीट काळजी घ्यावी असं पोलिसांकडून सांगितलं जात होतं. ही बातमी अर्देशीर यांच्या वाचनात आली आणि डोक्यात नवा विचार आला. कुलूप.

बाजारात कुलपं होती. पण भारतात बनणारी बहुतेक कुलपं हाताने घडवलेली आणि सहज उघडणारी होती. भरवशाची म्हणून घ्यायची तर ती इंग्लंडची.

अर्देशीर पुन्हा मेरवानजी कामांकडे गेले. पहिलं कर्ज फिटलेलं नसताना दुसरं मागायला. आणि कामांनी ते दिलं. ज्या माणसाने खोटा शिक्का मारायला नको म्हणून धंदा बुडू दिला, तो आपले पैसे बुडवणार नाही, एवढा अंदाज त्यांना आला असावा.

7 मे 1897 ला लालबागमध्ये, बॉम्बे गॅस वर्क्सच्या शेजारी, 215 चौरस फुटांच्या एका शेडमध्ये काम सुरू झालं. आजच्या हिशोबाने ही वन रूम किचनमधली हॉलची खोली झाली. तिथे डझनभर कारागीर घेऊन अर्देशीर कुलपं बनवायला लागले. पहिल्या ब्रँडचं नाव होतं अँकर.

प्रत्येक कुलपासोबत हमी दिली जायची. खोटं बोलायला नको म्हणून वकिली सोडणारा माणूस आता लेखी हमी देत होता, कारण या वेळी बोललेल्या गोष्टीची त्याला स्वतःला खात्री होती.

कुलपात आधी दगा देणारा भाग म्हणजे स्प्रिंग. ती झिजते, तुटते आणि मग चावी अडकते. अर्देशीर यांनी स्प्रिंगशिवाय चालणारं कुलूप तयार केलं आणि त्याचं पेटंट घेतलं.

याच काळात कामांचा बॉइस नावाचा पुतण्या काही दिवस भागीदार म्हणून आला. थोड्याच काळात तो बाहेर पडला, पण कंपनीच्या नावातून त्याला काढलं नाही. गोदरेज अँड बॉइसमधला बॉइस तो हाच.

लोखंड जळत नाही, मग अडचण काय?

कुलपं चालली. पण कुलूप चोराला थांबवतं, आगीला नाही. पेढीवाल्यांना, सावकारांना, बँकांना दोन्हीपासून बचाव हवा होता. अर्देशीर तिजोरीकडे वळले ते यामुळे.

इथे थोडं थांबून आगीचं गणित समजून घेऊ.

साधारण 550 अंश सेल्सिअसच्या आसपास पोलादाची ताकद निम्म्यावर येते. मोठी आग त्याहून कितीतरी जास्त तापते. अशा आगीत लोखंडी दार वितळत नाही, पण वाकतं. वाकलं की चौकटीपासून सुटतं, फट पडते आणि त्या फटीतून ज्वाळा आत शिरतात.

दुसरी अडचण त्याहून मोठी. लोखंडातून उष्णता सहज पलीकडे जाते. एका बाजूने आग लागली की दुसरी बाजू तव्यासारखी तापते. कागद साधारण 230 अंशांच्या आसपास पेट घेतो, आणि त्याच्या बऱ्याच आधी काळपट पडून ठिसूळ होतो. म्हणजे ज्वाळेचा स्पर्शही न होता नुसत्या पत्र्याच्या पेटीतल्या चोपड्यांची राख होऊ शकते.

यावर इंग्लंड-अमेरिकेच्या कापड गिरण्यांनी एक उपाय काढला होता, आणि तो ऐकायला उलटा वाटतो. गोदामाला नुसतं लोखंडी दार बसवण्यापेक्षा त्यांनी लाकडी दार घेतलं. लाकडी फळ्यांचे दोन-तीन थर एकमेकांवर आडवे-उभे ठोकायचे आणि सगळ्या बाजूंनी त्यावर कल्हईचा पत्रा घडी घालून मढवायचा.

आतलं लाकूड उष्णता पलीकडे जाऊ देत नाही. पत्रा लाकडाला हवा मिळू देत नाही. हवा नाही म्हणून लाकूड भडकत नाही, हळूहळू कोळसा होत राहतं. तेवढ्या वेळात माणसं बाहेर पडतात आणि बंब पोचतो.

हे दार उतरत्या रुळावर चाकांनी टांगलेलं असायचं आणि एका वजनाने उघडं धरलेलं असायचं. त्या दोरीत एक छोटी कडी, साधारण 70 ते 75 अंशांना वितळणाऱ्या मिश्रधातूची. आग लागली की कडी वितळायची, वजन सुटायचं आणि दार आपोआप घरंगळत बंद व्हायचं. कुणी धावत जाऊन बंद करायची गरज नाही.

आगीसाठी बनवलेलं गुंडाळी शटरही याच तत्त्वावर चालतं. एकमेकांत अडकणाऱ्या पोलादी पट्ट्या, दोन्ही बाजूंना खोल खाचा, वर गुंडाळीवर झाकण आणि वितळणारी कडी. खाचा खोल का, तर पट्ट्या तापून वाकल्या तरी बाहेर निसटू नयेत म्हणून. झाकण का, तर वरच्या फटीतून ज्वाळा पलीकडे जाऊ नयेत म्हणून.

आता दुकानाचं नेहमीचं शटर आठवा. यातली एकही गोष्ट त्यात असेलच असं नाही. ते चोरासाठी असतं.

थोडक्यात काय, तर आग अडवायला फक्त जाड लोखंड पुरत नाही. सांधे कमी हवेत, फट नको, आणि दोन पत्र्यांच्या मध्ये उष्णता थोपवणारं काहीतरी हवं. त्या काळातल्या इंग्रजी तिजोऱ्यांमध्ये यासाठी तुरटीसारखे पदार्थ भरले जायचे. तुरटी तापली की तिच्यातलं पाणी वाफ होऊन बाहेर पडतं, आणि ते पाणी संपेपर्यंत आतला भाग फार तापत नाही.

सोळा घड्यांची तिजोरी

1901 च्या सुमारास अर्देशीर यांनी तिजोरीवर काम सुरू केलं. त्यांनी आराखड्यांमागून आराखडे काढले, इंजिनिअरांशी बोलले आणि प्रत्यक्ष हाताने काम करणाऱ्या कारागिरांशीही बोलले.

त्यातून एक गोष्ट पक्की झाली. पेटीचे सहा भाग वेगवेगळे कापून जोडले तर जितके सांधे, तितक्या कमजोर जागा. चोराची पहार तिथेच घुसणार आणि आगीची धगही तिथूनच शिरणार. म्हणून तिजोरीचं अंग शक्यतो एकाच पत्र्यातून, घड्या घालून तयार करायचं. त्यांच्या तिजोरीची ओळखच सोळा घड्यांची तिजोरी अशी झाली.

दुसरा विचार दाराचा. तिजोरीचं दार दुहेरी पत्र्याचं केलं आणि कुलूप, बिजागऱ्या आतल्या पत्र्याला जोडल्या. म्हणजे चोराने बाहेरचा पत्रा फोडला किंवा आगीने तो वाकवला, तरी दार आतल्या पत्र्यावर जागच्या जागी उभं राहील.

1902 मध्ये गोदरेजची पहिली तिजोरी बाजारात आली.

तिजोरी ही विकायला सगळ्यात अवघड वस्तू. साबण आवडला नाही तर पुढच्या महिन्यात दुसरा घेता येतो. कुलूप बिघडलं तर बदलता येतं. तिजोरी मात्र वीस-तीस वर्षं कोपऱ्यात नुसती उभी असते. ती आगीत टिकते की नाही हे आग लागल्यावरच कळतं, आणि तेव्हा ती खोटी निघाली तर तक्रार करायलाही काही उरत नाही.

म्हणजे गिऱ्हाईक लोखंड विकत घेत नसतं. ते बनवणाऱ्याच्या शब्दावर विश्वास विकत घेत असतं. आणि शब्द जपण्यासाठी दोनदा नुकसान सोसलेला माणूस या धंद्यात उतरला होता.

पुढे धाकटे भाऊ पिरोजशा कामात आले. अर्देशीर नवं शोधायचे आणि पिरोजशा ते वाढवायचे, अशी ही जोडी जमली. 1923 मध्ये कंपनीने लोखंडी कपाटं बनवायला सुरुवात केली. मराठी घरातलं गोदरेज ते हेच.

साबण, टिळक फंड आणि गांधीजी

अर्देशीर फक्त लोखंडात रमले नाहीत. तेव्हाच्या साबणात जनावरांची चरबी असायची. कित्येक हिंदू, मुसलमान आणि जैन घरांत असा साबण वापरणं अडचणीचं होतं. अर्देशीर यांनी वनस्पती तेलापासून साबण बनवला आणि 1918 मध्ये तो चावी या नावाने बाजारात आणला. कुलपाच्या कंपनीने साबणाला चावी नाव द्यावं, यातही एक गंमत होती.

नंतर गोदरेज नंबर 2 आला, आणि नंबर 1 त्याच्यानंतर. हा उलटा क्रम मुद्दाम ठेवलेला. नंबर 2 इतका चांगला असेल तर नंबर 1 कसा असेल, असं लोकांनी म्हणावं म्हणून. स्वतः रवींद्रनाथ टागोरांनी गोदरेज साबणाची शिफारस केली होती.

स्वदेशीबद्दल मात्र अर्देशीर यांचं मत जरा वेगळं होतं. परदेशी मालावर बहिष्कार घाला, आपला माल थोडा डावा असला तरी चालवून घ्या, हे त्यांना मान्य नव्हतं. स्वदेशी वस्तू देशाच्या नावावर खपू नये, ती परदेशी वस्तूपेक्षा सरस असली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. भारतात बनल्याचा शिक्का ज्याच्यासाठी त्यांनी पहिला धंदा बुडू दिला, त्या शिक्क्याला त्यांना दयेवर जगवायचं नव्हतं.

पण म्हणून ते स्वातंत्र्याच्या लढ्यापासून लांब राहिले असं नाही. लोकमान्यांच्या निधनानंतर टिळक स्वराज्य फंड उभा राहिला, तेव्हा अर्देशीर यांनी त्यात 3 लाख रुपये दिले. त्या काळातले 3 लाख.

गांधीजींशी मतभेद असले तरी दोघांना एकमेकांबद्दल आदर होता. एकदा दुसऱ्या एका उत्पादकाने गांधीजींकडे आशीर्वाद मागितला, तेव्हा गोदरेज यांचं नुकसान होणार असेल तर आपण आशीर्वाद देऊ शकत नाही, असं गांधीजींनी कळवलं होतं.

सगळं भावाच्या हाती दिलं

1928 मध्ये अर्देशीर यांनी उभा केलेला सगळा कारभार पिरोजशांच्या हवाली केला आणि स्वतः नाशिकला शेती करायला गेले. साठीच्या वयात पुन्हा नवीन काम, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. शेतीत त्यांना कारखान्यासारखं यश आलं नाही, पण प्रयोग करायची सवय शेवटपर्यंत सुटली नाही.

जानेवारी 1936 मध्ये त्यांचं निधन झालं.

पण त्यांच्या शब्दाची सगळ्यात मोठी परीक्षा अजून व्हायची होती.

14 एप्रिल 1944

दुसरं महायुद्ध सुरू होतं. मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन नावाचं जहाज उभं होतं. त्यात साधारण 1,400 टन दारूगोळा होता, सोन्याच्या विटा होत्या, आणि कराचीत चढवलेल्या कापसाच्या हजारो गठाणी होत्या.

दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला. आग कापसात लागली होती. गठाणीच्या पोटात शिरलेली आग पाण्याने लवकर विझत नाही, हे खामगावचा कुठलाही जिनिंगवाला सांगू शकला असता. इथे तर कापसाला लागूनच दारूगोळा होता.

चारच्या ठोक्यानंतर पहिला स्फोट झाला, आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा, पहिल्याहून मोठा. गोदी उद्ध्वस्त झाली. आसपासच्या वस्त्या आणि गोदामं पेटली. शेकडो माणसं गेली. आग विझवायला धावलेले अग्निशमन दलाचे 66 जवान शहीद झाले. देशभर 14 एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळला जातो, तो या जवानांच्या आठवणीत.

पुढे राखेच्या ढिगाऱ्यातून जळालेल्या ऑफिसांच्या तिजोऱ्या बाहेर काढल्या गेल्या. त्यात गोदरेजच्याही होत्या. बाहेरून काळ्याठिक्कर झालेल्या त्या तिजोऱ्या उघडल्या, तर आतले कागद आणि नोटा शाबूत निघाल्या.

अर्देशीर यांना जाऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती. झांझिबारमध्ये ज्याची खात्री नाही ते बोलायला त्यांनी नकार दिला होता. तिजोरी आगीत टिकेल, हे मात्र त्यांनी खात्रीने सांगितलं होतं, आणि ते खरं निघालं.

स्वातंत्र्यानंतर पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी देशाला मतपेट्या लागल्या, तेव्हा त्यातल्या लाखो पेट्या गोदरेजच्या विक्रोळीच्या कारखान्यात बनल्या. लोकांचं मत सुरक्षित ठेवायचं कामही शेवटी त्याच नावाकडे आलं.

आपल्या शटरचं काय?

आगीला तोंड देणाऱ्या दारांसाठी भारतात 1966 मध्येच मानक तयार झालं. त्याचा क्रमांक आयएस 3614. त्याच्या पहिल्या भागात पोलादी पत्र्याची, धातूने मढवलेली आणि गुंडाळीची, अशा तिन्ही प्रकारच्या दारांचा विचार केला होता. म्हणजे गोदामाला किंवा जिनिंगला आगीचं शटर बसवायचं तर ते कसं असावं, हे देशात साठ वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेलं आहे.

त्यामुळे पुढच्या वेळी शटर घेताना कुणी आग अडवेल असं म्हणालं, तर तीन गोष्टी विचारा. किती वेळ अडवेल? त्याची चाचणी झाल्याचं प्रमाणपत्र आहे का? आणि आग लागली, लाईट गेली, तरी ते आपोआप खाली येईल का? उत्तर नुसतं पत्र्याच्या जाडीबद्दल आलं, तर समजा की समोरच्याला चोर माहीत आहे, आग माहीत नाही.

खामगावपासून मलकापूरपर्यंत आजही कापूस येतो, गठाणी बांधल्या जातात आणि रात्री शटर खाली येतात. त्या शटरच्या मागे कुणाचं तरी वर्षभराचं पीक असतं. ते वाचेल असं सांगणाऱ्याने, सांगायच्या आधी स्वतःची खात्री करून घ्यावी. अर्देशीर गोदरेज आयुष्यभर एवढंच करत आले.